नमुन्याचा चौकोन

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी कांचघर मोहल्ल्यातल्या शारदा समाजाच्या इमारतीचा गिलावा दुसऱ्या खिडकीच्या वर निसटला आणि परातीएवढा तुकडा पायरीवर पडून फुटला. कोणाला लागलं नाही. परांचीवरच्या कामगाराने प्रेशर मशीनची नळी बाजूला वळवली आणि खाली हाक दिली, "भैया, लाल पानी आ रहा है."

खाली गौरांग खेर उभा होता. कंत्राट त्याचं, मशीनही त्याचं. त्याने बटण बंद केलं. मशीन थांबलं तरी भिंतीवरून पाणी ओघळत होतं आणि ते विटकरी होतं. शनिवारी आणि रविवारी, इमारतीच्या उजव्या टोकाला काम चाललं होतं तेव्हा, पाणी आधी काळं यायचं, मग स्वच्छ. विटकरी पाणी म्हणजे मळ नव्हे, भिंतच वाहून जातेय, हे गौरांगला कळलं. त्याने समाजाच्या सचिव अवंतिका पोहनकर हिला फोन लावला.

अवंतिका रेल्वेच्या कार्यालयात नोकरी करते. समाजाची सचिव होऊन तिला दोन वर्षं झाली. प्रेशर मशीन लावायचा निर्णय तिचा होता, आणि तो तिने इमारत वाचवण्यासाठी घेतला होता.

इमारत स्वातंत्र्याच्या आधीची. रेल्वेत आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांत नोकरीला या हिंदी मुलखात आलेल्या मराठी माणसांनी ती उभी केली. विटांचं बांधकाम, त्यावर चुन्याचा गिलावा, गिलाव्यात विटांचा चुरा कालवलेला. त्यामुळे भिंतीला रंग कधी लावावाच लागला नाही. मूळचा रंग फिका गुलाबीसर. चार खिडक्यांवर चुन्यातच काढलेल्या वेली. पण गेल्या वीस-बावीस पावसाळ्यांत शेवाळ चढून, वाळून, पुन्हा चढून दर्शनी भाग काळा झाला होता. लग्नाला हॉल घेणारे लोक फोटो काढताना इमारत मागे येणार नाही अशा बेताने उभे राहायचे.

मार्चच्या वार्षिक सभेपुढे एक प्रस्ताव होता. खजिनदार अनिमेष भागवतने तो आणला होता: एका बिल्डरला जागा द्यायची, इमारत पाडायची, नव्या संकुलात दुसऱ्या मजल्यावर समाजाला हॉल, लिफ्ट आणि खाली गाड्या लावायला जागा मिळणार. अनिमेषचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. सभासदांपैकी निम्म्यांना पायऱ्या चढवत नाहीत. मुलं पुण्याला, बंगळूरला. गणपतीचे दहा दिवस सोडले तर हॉलमध्ये झाडू मारणारा आणि वाचनालयात पेपर वाचणारे तिघंचौघं, एवढीच ये-जा. "मी काही दुष्ट नाही, ताई," तो अवंतिकाला म्हणाला होता, "पण ही काळी पेटी किती दिवस सांभाळून राहणार आपण?"

काळी पेटी हा शब्द तिच्या डोक्यात राहिला. तिने मनाशी हिशेब मांडला. लोक सभेला येतील ते समोरच्या रस्त्याने. इमारत काळी दिसली तर पाडायला हात वर होतील. ती फिकट गुलाबी दिसली, वेली दिसल्या, तर निदान काही हात खाली राहतील. तिला तेवढेच हात हवे होते.

गौरांग समाजातलाच मुलगा. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत त्याची शेड आहे. कारखान्यांची छपरं, पाण्याच्या टाक्या, मोठ्या इमारतींचे दर्शनी भाग धुण्याची कामं तो घेतो. अवंतिकाने त्याला सदर बाजारात कॉफीला बोलावलं. त्याने दोन रस्ते सांगितले. पहिला सौम्य: एकेक भाग फवाऱ्याने भिजवायचा, हलका साबण लावायचा, नायलॉनच्या ब्रशने घासायचा, बागेला देतो तेवढ्याच दाबाच्या पाण्याने धुवायचा, मग वाळू द्यायचा आणि गरज पडली तर पुन्हा. त्याला सहा आठवडे. दुसरा मशीनचा, त्याला चार दिवस.

सभा तीन आठवड्यांवर होती.

माणसं दुप्पट लावली तर, तिने विचारलं. गौरांग म्हणाला, माणसं वाढवता येतात, वाळणं वाढवता येत नाही. मग त्याने आपलं मत सांगितलं, तिने न विचारताच. "दोन्ही करून देतो, ताई. पण मला विचाराल तर या भिंतीला ब्रश."

"काहून?"

"टाकी धुतो तेव्हा तिची कातडी केवढी जाड आहे ते मला माहीत असतं. या भिंतीची मला नाही माहीत."

अवंतिकाचा प्रश्न वेगळा होता. सहा आठवडे जपून घासलेली भिंत सभेच्या दिवशी अर्धी गोरी, अर्धी काळी दिसणार, म्हणजे अंगावर कोड उठल्यासारखी; ती बघून लोक आणखीच बिचकणार. आणि एप्रिलमध्ये भिंतच राहणार नसेल तर तिची कातडी जपून ठेवायची कोणासाठी? हे तिने गौरांगला बोलून दाखवलं. शेवटी दोघांनी ठरवलं की नमुना घेऊ. या धंद्याची ती रीतच आहे: काम धरण्याआधी आडबाजूला हातभर चौकोन धुऊन बघायचा आणि मग ठरवायचं.

चौकोन कुठे घ्यायचा ते अध्यक्ष बापूसाहेब सुपेकरांनी दाखवलं. बापूसाहेब कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता जमाना झाला. वय ऐंशीच्या आसपास. त्यांनी उजवं टोक दाखवलं, बाजूच्या फाटकाजवळचं. "बिघडलं तर इथे बिघडू दे. रस्त्यावरून दिसत नाही." हे अगदी बरोबर होतं. गौरांगनेही तीच जागा निवडली असती.

रविवारी सकाळी दहा-बारा सभासद जमले. पोहे आणि खव्याची जिलबी आली. गौरांगने शेजारी शेजारी दोन चौकोन आखले. डावा ब्रशने घासला, उजव्यावर मशीन चालवलं. दोन्ही वाळायला तासभर लागला, तेवढ्यात जिलबी संपली. डाव्या चौकोनात काळपट डाग राहिले होते. गौरांग म्हणाला, हा एका हाताचा परिणाम आहे, दोन-तीन हातांत निघेल. उजवा चौकोन फिका गुलाबी आणि स्वच्छ होता. एका बाईंनी, त्यांचं नाव हेमलता बोकील, आपल्या लग्नात भिंत अशी दिसत होती असं सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

बापूसाहेबांनी पुढे होऊन उजव्या चौकोनावर तळवा घासला आणि सगळ्यांना दाखवला. तळव्याला कणभरही काही लागलं नव्हतं. "कारखान्यात आम्ही लोखंड असंच तपासायचो," ते म्हणाले. "हात स्वच्छ तर काम पक्कं."

अवंतिकाने त्याच दिवशी मशीनला होकार दिला. गौरांगने दाब कमी ठेवायचं कबूल केलं. पुढच्या शनिवारी काम सुरू झालं आणि पहिले दोन दिवस चांगलं झालं.

गिलावा पडला त्या सोमवारी अवंतिका ऑटोने पोहोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. पाठोपाठ बापूसाहेब आले. पायरीवरचे तुकडे कोणी उचलले नव्हते. त्यांत वेलीचं एक पान शाबूत होतं. बापूसाहेबांचं म्हणणं, काम थांबवू नये. अर्धं धुतलेलं तोंड घेऊन सभेला काय दाखवणार? दाब आणखी कमी करा, वेली सोडून द्या, पण पुरं करा. गौरांग परांचीवर चढला आणि बोटाच्या पेरांनी भिंत ठोकत गेला. उजवीकडे टणक आवाज येत होता. पहिली खिडकी ओलांडून तो डावीकडे सरकला तसा आवाज बद्द झाला. त्याने तिथे हात फिरवला आणि तळवा खाली दाखवला. तो पिठात बुडवल्यासारखा झाला होता.

आता खालूनही दिसत होतं. पहिल्या आणि दुसऱ्या खिडकीच्या मधून एक वाकडीतिकडी रेघ गच्चीपर्यंत गेली होती. रेघेच्या उजवीकडची भिंत गुळगुळीत, डावीकडची खरबरीत, वरची साय निघून गेल्यासारखी.

बापूसाहेब रस्ता ओलांडून पलीकडच्या पानाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "इथवर आलो होतो आम्ही."

ती गोष्ट समाजात सगळ्यांना माहीत आहे. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात भूकंप झाला तेव्हा इमारतीचं उजवं टोक पडलं. पावसाळा तोंडावर होता, आणि चुना एवढ्या लवकर धरत नाही. बापूसाहेबांनी कारखान्यातली दहा-पंधरा मराठी माणसं जमवली आणि रविवार-रविवार करून ते टोक सिमेंटमध्ये उभं केलं. रंग जुळवायला सिमेंटमध्ये विटांचा चुरा आणि पिवळी माती घातली. ते मिश्रण पत्र्याच्या तुकड्यांवर लावून, वाळवून, जुन्या भिंतीशेजारी धरून बघितलं, आणि रंग जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा केलं. काम इतकं जमलं की जोड कुठे आहे ते कोणाला सांगता येईना. मग ती एक रीतच पडली. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला नवा जावई आला की त्याला अंगणात उभा करायचा आणि म्हणायचं, जोड दाखवा. तो बोट दाखवेल तिथे सगळे हसणार. हरला की त्याने उखाणा घ्यायचा. गौरांगच्या मेहुण्याने तर तीन ठिकाणी बोट दाखवलं होतं आणि त्याला तीन उखाणे घ्यावे लागले होते. हसणाऱ्यांत गौरांग पहिला होता.

पुढे शेवाळ चढलं आणि भिंत सगळी एक झाली. हसणारे हसत राहिले. आपल्याला तरी जोड माहीत आहे का, असं त्यांच्यापैकी कोणी कधी कोणाला विचारलं नाही.

नमुन्याचे दोन्ही चौकोन सिमेंटवर पडले होते.

अवंतिकाने बापूसाहेबांना विचारलं, जागा दाखवताना हे लक्षात नव्हतं का. आवाज चढवला नाही. बापूसाहेब पायरीवर बसले होते.

"फाटकाजवळचा कोपरा तेवढा आपला, असं डोक्यात होतं. पुढचं सगळं जुनं," ते म्हणाले. "चौकोन त्याच्या चार हात अलीकडे आखला, तेव्हा वाटलं, हा जुन्यातच असेल. लोकांना सापडत नाही म्हणता म्हणता मलाच सापडेनासा झाला, अवंतिका. अन् चारचौघांत मी काहून सांगू की मला माहीत नाही?"

काम तिथेच थांबवायचं अवंतिकाने ठरवलं. बापूसाहेबांनी पुन्हा विरोध केला नाही. परांची राहू दिली.

दुपारी वाचनालय उघडलं तेव्हा आतल्या बाजूला ओल आलेली दिसली. दुसऱ्या खिडकीच्या वरपासून छतापर्यंत केसाएवढी चीर होती. ती आधीपासून होती की आताची, याबद्दल दोन मतं आहेत. रोज तिथे पेपर वाचणाऱ्या दोघांपैकी एक म्हणतो की भूकंपापासूनच आहे. दुसरा म्हणतो, असती तर मला दिसली असती, मी त्याच खुर्चीत बसतो. कपाटं भिंतीपासून सरकवली गेली.

बुधवारी सुहासिनी हर्षे येऊन गेल्या. त्या बांधकाम अभियंता आहेत आणि समाजाच्या सभासद नाहीत. म्हणूनच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं की जुन्या चुन्याच्या भिंतीची वरची साय हीच तिची छत्री असते. ती गेली की आतला भाग पाणी पितो. ही भिंत भरपूर प्यायली आहे. ती वाळू द्यायला हवी. चीर जुनी असून ओलीने उठून दिसत असेल, किंवा भिंत खरंच हलत असेल. आज मी यातलं काहीही लिहून देणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गुरुवारी संध्याकाळी अनिमेष भागवत अवंतिकाच्या घरी आला. बरोबर द्राक्षं आणली होती. मुलांची चौकशी केली, चहा घेतला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. सभेत तुम्हाला कोणी एक शब्द बोलणार नाही, ते माझ्याकडे लागलं. मी सरळ सांगतो, भिंतच म्हातारी झाली होती. मशीन नसतं लागलं तरी येत्या पावसाळ्यात पडलीच असती. चलो, देवाने कोणाच्या डोक्यावर नाही पाडली."

तो मनापासून बोलत होता. अवंतिकाने त्याचे आभार मानले.

तो गेल्यावर ती द्राक्षं धुवायला उभी राहिली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. भिंत म्हातारी होती म्हणून पडली, असं ठरलं तर ती सुटते आणि इमारत जाते. भिंत चांगली होती आणि चुकीच्या मशीनने बिघडवली, असं ठरलं तर इमारतीची बाजू राहते. मग चूक कोणाची, हा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर एकच आहे. सदरला कॉफी पिताना गौरांगने काय सांगितलं होतं ते तिला शब्दनशब्द आठवत होतं. ते दुसऱ्या कोणी ऐकलेलं नव्हतं. तिने गौरांगला फोन केला आणि विचारलं की ते सभेत सांगितलं तर चालेल का. तो म्हणाला, माझं तर नावच होईल, ताई, मला काहून नाही चालणार. पण तुमचं काय. ती म्हणाली, माझं मी बघते.

सभा रविवारी इमारतीच्या मागच्या अंगणात झाली, कारण हर्षेबाईंनी दर्शनी बाजूच्या खोल्या वापरू नका म्हटलं होतं. नेहमीपेक्षा गर्दी जास्त होती. आत जाण्याआधी बहुतेक जण रस्त्यावर थांबून भिंत बघून आले: उजवीकडे गुलाबी, मध्ये खरवडलेली, डावीकडे काळी.

अनिमेष उभा राहण्याआधी अवंतिका उभी राहिली. तिने क्रमाने सांगितलं. दोन रस्ते होते. ठेकेदाराने सौम्य रस्ता सुचवला होता. तिने घाईचा निवडला, कारण तिला आजच्या सभेत भिंत चांगली दिसायला हवी होती. नमुना चुकीच्या जागी पडला. डावीकडचा भाग मशीन न लागता अजून जसाच्या तसा आहे, त्यावर हात फिरवून बघा. भिंत म्हातारपणाने पडलेली नाही. सचिवपदाचा राजीनामा तिने टेबलावर ठेवला.

मागून कोणीतरी म्हणालं की ठेकेदार सांगत होता तर ऐकायला काय झालं होतं, शिकलेल्या बाईने. त्यावर हेमलता बोकील म्हणाल्या, "पोहे तर आपण सगळ्यांनीच खाल्ले, भाऊ. तेव्हा तुम्ही तर दुसरी प्लेट मागून राहिले होते." थोडं हसू झालं आणि विरलं.

मग बापूसाहेब उठले. त्यांना उठायला वेळ लागला. "नमुना माझ्या सिमेंटवर घेतला होता," ते म्हणाले. "जुन्या भिंतीला कोणी विचारलंच नाही. जागा मी दाखवली." एवढं बोलून ते बसले. जोडाचं त्यांनी नाव काढलं नाही. ते काढायची गरजही नव्हती, सगळे आताच बघून आले होते.

अनिमेषने आधी ठरवलेलं भाषण केलं नाही. त्याने एकच प्रश्न विचारला. चूक मशीनची, मान्य. तुम्ही सांगितलंत, मोठेपणा आहे. पण भिंत आज ओली आहे आणि तिला चीर आहे. चूक कोणाची हे कळल्याने ती सुकते का? गणपतीत त्या भिंतीखाली मुलांना बसवायची जबाबदारी इथे कोण घेतो?

कोणी हात वर केला नाही. अवंतिकानेही नाही.

प्रस्तावावर मतदान झालं नाही. अभियंत्यांचा अहवाल आल्यावर पुन्हा सभा घ्यायची आणि राजीनाम्याचा विचारही तेव्हाच करायचा, असं ठरलं. डावीकडचा काळा भाग ब्रशने, सौम्य रीतीने, फुकट धुऊन देण्याची तयारी गौरांगने दाखवली. त्यावर निर्णय झालेला नाही. काही सभासदांचं म्हणणं आहे की आता भिंतीला पाणी दाखवूच नये.

सोमवारी सुहासिनी हर्षे यांनी वाचनालयातल्या चिरेवर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी बसवली. पट्टीची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला पक्की केली आहेत. भिंत हलत असेल तर काच तडकेल. निवांत असेल तर राहील. निदान ओल पुरती उतरेपर्यंत वाट बघावी लागेल, असं त्यांनी सांगितलं आहे. ओल किती दिवसांत उतरेल ते त्यांनी सांगितलेलं नाही.

अवंतिका कार्यालयातून सुटल्यावर रोज तिथे जाते. वाचनालय बंद आहे, किल्ली तिच्याकडे आहे. गुरुवारी संध्याकाळी ती गेली तेव्हा बापूसाहेब आधीच बाहेर पायरीवर बसलेले होते. दोघं आत गेले. भिंत हाताला अजून गार लागत होती. काच शाबूत होती.